गावंडे सरांची शिफारस

अकोल्याच्या माया तायडेनं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात घालवलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून म्हातारा झालेल्या पुंजाजीची ही लेक. निराधार बायांचे कागद घेऊन ती तहसीलमध्ये शिरली की बाबू लोकांना एकाएकी चहाची तल्लफ यायची. आता एकतिसाव्या वर्षी तिला स्वतःसाठी एक कागद पाहिजे होता. मुंबईच्या एका संस्थेत पीएचडीसाठी अर्ज भरला होता. ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं त्यांचं शिफारसपत्र उद्यापर्यंत पोचलं नाही, तर अर्ज बाद.

म्हणून सकाळच्या एसटीनं ती अमरावतीला आली. थेट जुन्या कॉलेजात, डॉ. गोवर्धन गावंडे सरांकडे.

सरांची शिफारस द्यायची रीत मोठी सोयीची. "तूच लिहून आण, मी सही करतो." पोरांनी आपली आरती आपणच लिहायची, सरांनी शेवटी घंटी वाजवायची. वाचायची भानगडच नाही. त्यामुळे आजवर सरांचे झाडून सगळे विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक आणि नेतृत्वगुणांनी संपन्न निघाले. कॉपीत पकडलेले दोघंसुद्धा.

मायाचं प्रकरण जरा खोलातलं. नऊ वर्षांपूर्वी सरांना मेळघाटातल्या बाळंतिणींवर पुस्तक लिहायचं होतं, फक्त मेळघाटात जायचं नव्हतं. मग माया गेली. धारणीच्या पुढे जीप जिथं हात टेकते तिथून पायी, तिथली कोरकू बोली मोडकीतोडकी शिकत, तीनशे चाळीस घरं. सरही आले, दोनदा. विश्रामगृहात उतरले, फोटो काढून घेतले, पाणी मानवलं नाही म्हणून परतले. पुस्तकात संस्थाध्यक्षांचे आभार झाले, सौभाग्यवतींचे झाले, गाडीच्या ड्रायव्हरचे झाले, 'आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे'ही झाले. माया अज्ञातांत.

विभागात सरांच्या टेबलाशी दोन पोरी आपापली पत्रं धरून उभ्या होत्या. सर कानाशी मोबाईल धरून सह्या करत होते.

"अरे, माया! आणलंस लिहून?"

"आणलं न सर."

पेन टेकला, सही झाली, शिक्का पडला. पत्र हातात. शहाण्या माणसानं इथून सरळ स्टँड गाठला असता. पण माया शहाण्यांतली नव्हती. न वाचता केलेली सही तिला खिसा कापून आणल्यासारखी वाटली.

"सर, वाचून तं पाहा."

"अगं, विश्वास आहे माझा."

"माहा नाई न. थांबा, मीच वाचून दाखवते." आणि तिनं मोठ्यानं सुरू केलं, "माझ्या पुस्तकातील तीनशे चाळीस घरांची पाहणी माया तायडे यांनी एकटीने केली. मी त्यातल्या एकाही घरात गेलेलो नाही."

पोरींना एकदम भिंतीवरचं कॅलेंडर फार वाचनीय वाटायला लागलं. सरांचा मोबाईल कानावरून खाली आला.

"हे काय आहे? काढून टाक. 'मोलाचे सहकार्य केले' असं लिही."

"सहकार्य तुमी केलं सर. फोटोले आलते न."

इथं सरांची पुस्तकी मराठी संपली. "काहून माही इज्जत काढून राहिली वं? कोनं सांगतलं तुले वाचाले?"

"खोटं असन तं बोला. सारे फॉर्म माह्या अक्षरात हायेत, तुमच्या याच कपाटात. एक घर सांगा सर. एका तरी बाईचं नाव सांगा."

सरांनी कपाटाकडे पाहिलं. मग हात पुढे केला, "आण इकडे."

मायानं पत्र दिलं. फाडलं तर दुसरं नव्हतं, हे तिला देऊन झाल्यावर सुचलं. सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत. दुसऱ्या वाक्यावर आडवी रेघ मारली, रेघेशेजारी छोटी सही केली.

"पहिलं राहू दे. दुसरं नाही."

मायानं पत्र परत घेतलं. खरं बोलायचं तर दुसरं वाक्य शिफारस नव्हतंच, ते भांडण होतं.

"येते सर."

मागून एका पोरीनं दबक्या आवाजात विचारलं, "सर, आमचंही वाचता काय?" सरांनी मोबाईल पुन्हा कानाला लावला होता.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं पत्र स्कॅन केलं, स्क्रीनवर पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, खोडलेलं दिसून राह्यलं. साफ करून देऊ काय? दोन मिनिटाचं काम हाय."

"हात नोको लावू," माया म्हणाली. "त्याच रेघेवरून समजते, वाचलं म्हणून."

अन् तिनं ते तसंच मुंबईला पाठवलं.