अकराव्या पानावरचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे चाळणकाका म्हणत. तोंडावर काका, पाठ वळली की नुसतं 'चाळण'. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नसे, कारण काम खरोखरच चाळायचं होतं. आरोग्य खात्याच्या संख्याशास्त्र विभागात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत हा माणूस एकतीस वर्षं बसला. खिडकी एकच, तीही कागद उडतात म्हणून कायमची बंद. बाहेरून हजारभर लोकांचे फॉर्म यायचे, प्रत्येक फॉर्मात शेकडो प्रश्न, आणि काकांनी त्यातून सांगायचं की बाबांनो, या आजाराशी खरोखर संबंध असलेल्या गोष्टी एवढ्याच. बाकी नुसता पसारा.

ऐकायला सोपं वाटतं. डोंबलाचं सोपं!

ही गोष्ट ज्या पाहणीची आहे, तिच्यात माणसं होती अकराशे चाळीस आणि रकाने तीन हजार आठशे. म्हणजे माणसांच्या तिपटीहून जास्त रकाने, आणि जिकडे बघाल तिकडे शून्य. कधी भट्टीवर काम केलंय का? अकराशे शून्यं आणि मधूनच कुठेतरी एखादा 'हो'. अशा पसाऱ्यात कुठलीही गोष्ट कशालाही चिकटलेली दिसते. डावखुऱ्या माणसांना खोकला जास्त होतो, असंही निघतं. त्यावर विश्वास ठेवलात की गेलात कामातून.

काकांची रीत अशी होती. आत राहायचं तर प्रत्येक रकान्याला दंड. तो दंड हळूहळू वाढवत न्यायचा. ज्या रकान्यात दम नाही त्याचं वजन घटत घटत शून्यावर येतं आणि तो गळून पडतो. शेवटी मूठभर उरतात. पण एकदा उरला एवढ्यावर काकांचं समाधान व्हायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी माणसं उचलायची, पुन्हा दंड, पुन्हा गाळणं, असं शंभर वेळा. त्यातून निदान साठ वेळा टिकला तर तो यादीत. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक अट होती. ज्या रकान्यात दहापेक्षा कमी माणसांनी 'हो' म्हटलंय, तो दारातूनच परत. चार-पाच माणसांच्या जिवावर काही सिद्ध होत नाही. ही दहाची अट काकांनीच घालून दिलेली होती आणि ती चुकीची नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावरच घसराल.

स्वभावाने माणूस कटकट्या. फॉर्म भरून आणणाऱ्या पोरींना तर त्यांनी अगदी रडकुंडीला आणलं होतं. एखादा रकाना रिकामा दिसला की बोलावणं. हा रिकामा का? तुम्ही विचारलं नाहीत, की तो नाही म्हणाला? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे बाई, जा, परत विचारून या. मग ती बिचारी चौथ्यांदा तीन जिने चढून त्याच घरी जायची, आणि वाटेत चाळणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तरी थोडे रकाने रिकामे राहतच. मशीन रिकाम्यावर अडून बसतं, पुढे सरकतच नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती: रिकामं दिसलं की शून्य भर. ती ओळही काकांच्याच हातची.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. जिवाला जीव देणारा असा एक धाकटा भाऊ, तो गावाच्या टोकाला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. हसरा, बडबड्या, काकांच्या अगदी उलट. त्याला तो आजार झाला. फुप्फुसं आतून कडक होत जातात. आधी जिना चढवेना, मग मोरीपर्यंत जाववेना, आणि शेवटी नाकात नळी, पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरणारं यंत्र. आयुष्यात कधी सिगारेटला न शिवलेला माणूस. त्या कारखान्यातले आणि आसपासचे असे दोनशे निघाले, म्हणून तर ही पाहणी.

धाकट्याच्या घरी फॉर्म घेऊन बाई आल्या, तेव्हा काका तिथेच होते. म्हणाले, ठेवा इथे, मी भरतो. माझ्या भावाची कुंडली मला पाठ आहे. आणि होतीच पाठ. जन्म, शाळा, लहानपणची आजारपणं, घर किती खोल्यांचं, चूल की गॅस, दहा पानं त्यांनी पेन न उचलता भरली. अकराव्या पानावर कामांची यादी होती, पंच्याहत्तर कामं, गेल्या वीस वर्षांत यातलं काय काय केलंत. काकांनी 'फिटर' वर खूण केली आणि पलंगाकडे बघितलं. धाकट्याला रात्रभराच्या खोकल्यानंतर नुकताच डोळा लागला होता. भावजय दारातून म्हणाली, दादा, आत्ता नको, दोन दिवसांनी झोपलेत. काकांनी मान डोलावली. बाकीचं उद्या विचारू, म्हणाले. उद्या फॉर्म जमा करायची शेवटची तारीख होती. ऑफिसात तेराशे कामं निघाली आणि फॉर्म तसाच गठ्ठ्यात गेला. पोरींचे फॉर्म काका तपासायचे. काकांचा कोण तपासणार?

त्यानंतर महिन्याभराने धाकट्याने पहिल्यांदा टाकीचं काढलं. कारखान्यात तेलकट भाग धुवायची मोठी टाकी होती. महिन्यातून दोनदा ती रिकामी करायची, आणि दोराने माणूस आत सोडून तळाचा गाळ खरवडून काढायचा. कारखान्याच्या कागदावर हे कोणाचंच काम नव्हतं. ज्याला साहेब म्हणेल तो उतरायचा. धाकटा बारा वर्षं उतरला. घरी कधी बोलला नाही, कारण बायकोने जाऊ दिलं नसतं.

"दादा, ते टाकीचं काम तुझ्या यादीत आलं की बंद होईल ना?" त्याने विचारलं होतं. "माझं आता काय राहिलंय? पण अजून उतरवतात रे माणसं."

काका म्हणाले, दम असेल त्या गोष्टीत तर येईल. हे खरं होतं. यादीत जे येतं ते काम कारखान्यांचे सरकारी तपासणीवाले थांबवतात, निदान नीट सोय होईपर्यंत तरी. धाकट्याने त्या दिवसापासून त्या यादीवर डोळे लावले. आल्यागेल्याला सांगायचा, आमच्या दादाची यादी येऊ दे. आणि काकांनी काय करावं? पंच्याहत्तर कामांत टाकीचाही रकाना होता, तो उघडूनसुद्धा बघितला नाही. भावाचा विषय आहे, आपण डोकावलो तर हात आपोआप वाकडा पडेल, म्हणून मुद्दाम नजर दुसरीकडे. तीन हजार आठशे रकान्यांत तो एक रकाना त्यांनी कसोशीने टाळला. इतका सरळ माणूस! कपाळ माझं.

यादी निघाली. सात गोष्टी. वय, सिगारेट, पॉलिशच्या खात्यातली वर्षं, आणि अशाच आणखी चार. टाकी नव्हती. छापून वर गेली, सह्या झाल्या. काका संध्याकाळी धाकट्याकडे गेले आणि त्यांनी सांगून टाकलं. धाकटा म्हणाला, नवल आहे. आम्ही दहा जण उतरायचो. त्यातले आठ आजारी. नऊ जणांनी तर मला येऊन सांगितलं की लिहून दिलंय म्हणून.

"आणि दहावा?" काकांनी विचारलं.

"दहावा मीच की."

काका उठले. चपला घातल्या आणि सरळ ऑफिस गाठलं. शिपाई कुलूप लावत होता, त्याला थांबवलं. दारातून परत पाठवलेल्या रकान्यांची वेगळी यादी असते, ती काढली. टाकीत उतरून सफाई: नऊ. मग धाकट्याची ओळ काढली. अकराव्या पानावर फिटरपुढे एक, आणि त्यापुढे सगळी शून्यं. चौऱ्याहत्तर शून्यं. त्यातलं एकही धाकटा बोलला नव्हता. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी दुसऱ्यांना धारेवर धरलं, ती गोष्ट त्यांनी सख्ख्या भावाच्या फॉर्मात केली होती. शिपाई बाहेरून दोनदा खोकला. काकांना ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या जागी एक घातला आणि सगळं पुन्हा चालवलं. दंड, गाळणं, शंभर वेळा. टाकीचा रकाना शंभरातून एक्याण्णव वेळा टिकला. सिगारेटच्याही वर. काका मशीनसमोर बसून राहिले. खरं सांगायचं तर एक क्षणभर त्यांना आनंदसुद्धा झाला.

कागद घेऊन ते विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकून वर चढलेल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, पाणी मागवलं. मग दार लावून घेतलं.

"काका, निकाल बघून झाल्यावर माहितीला हात लावायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?" त्या म्हणाल्या. "आणि इथे तर एका माणसाचं उत्तर बदलतंय. तो माणूस तुमचा भाऊ आहे. बदलणारे तुम्ही आहात. हे मी वर कोणत्या तोंडाने नेऊ?"

काकांनी सांगून बघितलं की उत्तर बदलत नाहीये, उत्तर घेतलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, माझा विश्वास आहे. पण कारखान्याचा वकील काय म्हणेल, ते तुम्हीच सांगा. काकांच्या जागी दुसरा कोणी हाच कागद घेऊन त्यांच्याकडे आला असता, तर त्यांनी त्याला दारातूनच हाकललं असतं. त्यांना वाद घालायलाही जागा नव्हती.

पुढची पाहणी चार वर्षांनी, मॅडम समजुतीने म्हणाल्या, तेव्हा पुन्हा बघू. काका उठले. चार वर्षांनी त्या दहांतले किती उरणार, हा हिशोब त्यांना मशीनशिवाय येत होता. आणि आता टाकीत उतरवतात ती माणसं कंत्राटदाराची. ती कारखान्याच्या पटावर नाहीत, त्यांच्या दारात फॉर्म घेऊन कोणी जाणारच नाही. तेव्हा त्या रकान्यात नऊसुद्धा नसतील. सगळी शून्यं असतील, आणि दिसायला अगदी स्वच्छ दिसतील. मॅडमलाही हे कळत होतं.

दुपारचीच रजा टाकून काका धाकट्याकडे गेले. भावजय औषध आणायला बाहेर पडली होती. यंत्र घुरघुरत होतं. काकांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते पान, ती झोप, ती शेवटची तारीख, तो एक्याण्णवचा आकडा, मॅडमचं बोलणं. आजवर कोणाच्या देखत न रडलेला माणूस, शर्टाच्या बाहीने तोंड पुसत बसला.

धाकट्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याच्यात तेवढा श्वासही नव्हता.

"झोपलोच होतो ना मी, दादा," तो म्हणाला. "उठवायचं होतंस."

मग त्याने विचारलं, कोरा फॉर्म आहे का तुझ्याकडे? काकांच्या पिशवीत कायम असायचा. म्हणाला, भर मग. नीट विचारून भर. काका म्हणाले, अरे, आता तो कुठेच जायचा नाही, उपयोग शून्य. धाकटा म्हणाला, ते मला कळतं, माझी फुप्फुसं गेलीत, डोकं नाही. तू विचार.

काकांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पाठ असलेलंही विचारलं. आपलं पूर्ण नाव काय? जन्म कुठला? लहानपणी कोणते आजार झाले? धाकटा एकेका शब्दावर थांबत, श्वास गोळा करत उत्तर देत होता. मध्ये एकदा त्याला हसूही आलं. गोवरात काकांनी त्याची गोळी स्वतःच खाल्ली होती, तेही लिही म्हणाला. दोन तास गेले. भावजय आली, दारात उभी राहिली, आणि आत गेली. नववं पान झालं, दहावं झालं. अकरावं उलटलं तेव्हा धाकट्याची मान कलंडली होती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. कित्येक दिवसांत त्याला अशी शांत झोप लागली नव्हती.

काका पेन हातात धरून बसून राहिले. खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं. भावजयीने आतून डोकावून हातानेच खूण केली, राहू दे, झोपू दे.

काकांनी वाकून भावाच्या खांद्याला हात लावला आणि त्याला हलवून जागं केलं. त्याने डोळे उघडले, क्षणभर कुठे आहोत ते त्याला कळेना.

"टाकीत उतरून सफाई केली आहे का?" काकांनी विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला. "बारा वर्षं."

काकांनी त्या चौकटीत खूण केली आणि खालचा प्रश्न वाचायला घेतला.