खंडेनवमीचा ब्लोअर

पहाटे चारला बहिरू उठला. बायको अक्काबाई त्याआधीच उठली होती. दसरा तोंडावर आला की मखमलाबादच्या मळ्यांत अंधारातच झेंडू तोडावा लागतो. उन्हं चढली की फूल मऊ पडतं आणि बाजारात भाव पडतो. दोघांनी मिळून फुलं तोडली. उजाडल्यावर बहिरूने एक माळ पिशवीत घातली आणि सायकलीवर टांग मारली.

माळ ब्लोअरसाठी होती.

मूळ हरसूलचा बहिरू नाशिकच्या एका विद्यापीठात, पर्यावरण अभियांत्रिकी विभागात ठेकेदाराचा माणूस होता. विभागाच्या मागे सांडपाण्याची प्रायोगिक टाकी आहे. वसतिगृहाचं घाण पाणी तिच्यात येतं. पाण्यात तपकिरी गाळ असतो, गाळात जंतू असतात, ते घाण खातात. त्यांना रात्रंदिवस हवा लागते, आणि ती हवा खालच्या खोलीतला ब्लोअर पाइपातून टाकीच्या तळाशी सोडतो. दीपमालामॅडम या गाळावर संशोधन करत होत्या. दोन वर्षं त्यांनी तो जोपासला होता. टाकी मेली की प्रकल्प बंद, आणि प्रकल्प बंद झाला की बहिरू पुन्हा कुणाच्या तरी द्राक्षबागेत हंगामी मजूर. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. ब्लोअर दोन होते. दरवर्षी एक बंद करून बहिरू त्याची पूजा करी, तोवर दुसरा चाले. यंदा दुसरा दुरुस्तीला गेलेला. बहिरूने विचार केला, हळदकुंकू, नारळ, आरती, एवढ्यात काय होतंय? त्याने बटण बंद केलं. नट-बोल्ट खोलायचे पाने आणि हातोडी पाटावर मांडली, ब्लोअरला माळ घातली, नारळ फोडला. आरती झाल्यावर बटण दाबलं.

ब्लोअर नुसता गुरगुरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तर फ्यूजच उडाला.

बहिरूने जमिनीकडे पाहिलं. सांध्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. टाकी वर, ब्लोअर खाली. हवा थांबताच टाकीतलं पाणी उलट पाइपातून ब्लोअरमध्ये उतरलं होतं. ते अडवायला तिथे एक झडप असते. ती उघडीच चिकटली होती.

दीपमालामॅडम धावत आल्या. पाण्यातली हवा मोजणाऱ्या मीटरची तार टाकीत सोडून त्यांनी आकडा पाहिला आणि ओठ आवळले.

"बहिरूभाऊ, ब्लोअर आपोआप बंद पडला का?"

"नाय मॅडम. म्याच केला. पूजेला."

त्यांनी मीटरकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी पाण्यात हवा मिसळायला हवी. कशीही."

बहिरूने बादली घेतली. टाकीच्या कडेच्या लोखंडी फळीवर उभा राहून तो पाणी काढायचा आणि डोक्याइतक्या उंचीवरून परत टाकीत ओतायचा. पाणी फुटलं पाहिजे, पांढरं झालं पाहिजे, तरच हवा मिसळते. नुसतं कंबरेतून वाकून बादली उचलणारा तासाभरात बसतो. गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून उचलावी. बहिरू तशीच उचलत होता. तरी दुपारपर्यंत बादली डोक्याइतकी उंच जाईना. मीटरचा आकडा उतरतच होता. बादलीने फक्त त्याची घाई थोडी कमी केली होती.

मॅडमनी सातपूरच्या लहानू मिस्त्रीला बोलावलं होतं. तो आला, पण रिकाम्या हाताने. कपाळाला गंध, अंगात धुतलेला सदरा.

"हत्यारं कुठं हायत?" बहिरूने वरूनच विचारलं.

"पाटावर. आज हत्यार उचलायचं नाही. माझ्या बापाने उचललं नाही, मी पण उचलणार नाही."

"मग आला कशाला? परसाद खायला?"

"तोंड घेऊन आलोय. तोंडाची पूजा केलेली नाही. मी सांगतो, तू खोल."

"आन् इथं पाणी कोण ओतंल?"

लहानूने सदरा काढून खिळ्याला अडकवला. "दे इकडे. बादली म्हणजे काही हत्यार नाही."

बहिरू खाली उतरला. त्याचे पाने पाटावर होते, कुंकू लावलेले, वर अक्षता. हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. वरून मॅडमचा आवाज आला, "आकडा शून्याला टेकतोय!" आणि पाठोपाठ तो वास आला, सडक्या अंड्यांचा. निरोगी गाळाला ओल्या मातीचा वास असतो.

"देवा, पदरात घे," म्हणत बहिरूने पाना कपाळाला लावला आणि उचलला.

"आधी मेन स्विच पाड!" लहानू वरून ओरडला. "मग खालचा बोल्ट. हळू, आटे जातील. पाणी निघालं? आता पट्टा उतरव, चाक हाताने फिरव. जोर नको, जोर लावशील तर आत घासेल. तू ब्लोअर फिरवतोस की उसाचा चरक?"

चाक हलेना. बहिरूने तेल सोडलं, थांबला, पुन्हा धरलं. बोटाभर हललं. परत मागे, परत पुढे. घामाने हात सरकायचा, तो कमरेचा पंचा गुंडाळून धरायचा. अखेर चाक पूर्ण फिरलं. मग झडप खोलून त्याने आतली चकती तासून मोकळी केली. चकती गंजाने फुगलेली होती.

"हा गंज आजचा नाही," लहानू म्हणाला. "कैक वर्षांचा आहे."

दिवेलागणीला पट्टा चढला, नवा फ्यूज बसला. बहिरूने बटण दाबलं. ब्लोअर खाकरला, अडखळला आणि चालू लागला. टाकीत बुडबुडे आले. मॅडम मीटरवरून नजर काढायला तयार नव्हत्या. बराच वेळ आकडा जागचा हलला नाही. मग एक घर वर चढला.

"चढतोय," त्या म्हणाल्या आणि फळीवरच बसल्या.

गाळ वाचला. पुरता सावरायला त्याला पुढचा आठवडा लागला.

ठेकेदार दसऱ्यानंतर आला. झडप जुनी होती, दोष तिचा होता, असं दीपमालामॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं.

ठेकेदार बहिरूकडे वळला. "बटण कोणी बंद केलं?"

"म्या."

"मग झालं तर. झडपेचे नि दुरुस्तीचे पैसे तुझ्या पगारातून."

मॅडमनी कार्यालयात अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं नाही. बहिरूने वाद घातला नाही. नवी झडप मात्र त्याने स्वतः निवडली. दुकानदार दाखवत होता ती बिडाची नको म्हणाला, पितळेची घेतली, आणि स्वतःच्या हाताने बसवली.

दिवाळीला अक्काबाईने विचारलं, "सगळा पगार गेला कुठं, ते दाखव तरी."

तो तिला घेऊन गेला. ती खोलीत वाकली. मुठीएवढं पितळ पाइपात बसलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने शेजारच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ब्लोअरने दाबून सोडलेली आतली हवा तापलेली होती.