मागच्या काकांचे बूट

घाटमाथ्यावर पोचलं की मागचे काका सगळ्यांत आधी बूट काढत. सायकल कठड्याला टेकवायची, हेल्मेट हँडलला अडकवायचं, कठड्यावर बसायचं आणि शांतपणे नाड्या सोडायला लागायचं. मग मोजे. ते झटकून शेजारच्या दगडावर वाळत घालायचे आणि उघडे पाय लांब करून समोरच्या डोंगराकडे बघत राहायचं. ते बूट पुन्हा पायांत चढेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जात, आणि अडुसष्ट वर्षांच्या अनवाणी माणसाला ‘चला’ म्हणायची आमच्या ग्रुपात कुणाची छाती नव्हती.

ग्रुप म्हणजे दर रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटला जमणारी सात-आठ माणसं. बोपदेव घाट, कात्रजचा जुना घाट, खडकवासल्यावरून सिंहगड. जिथे रस्ता वर जातो तिथे सायकल घेऊन जायचं, असा या मंडळींचा सोस. सुरुवातीला त्यांच्यात दोन काका होते. एक सगळ्यांच्या पुढे असत, दुसरे सगळ्यांच्या मागे. पुढचे काका मुलाकडे बंगलोरला राहायला गेले, पण मागच्या काकांचं नाव तेच राहिलं. त्यांचं खरं नाव मला वर्षभर माहीतही नव्हतं.

मी या लोकांत आलो तो डॉक्टरांमुळे. सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर सापडली, आणि सापडली नसती तरच नवल. हिंजवडीला जायला दीड तास, यायला दोन तास, मधले दहा तास खुर्चीत. त्यात मी मूळचा वर्ध्याचा. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. काका मला पहिल्या दिवसापासून ‘नागपूरकर’ म्हणत. वर्धा वेगळं, नागपूर वेगळं, हे मी दोनदा समजावलं. ते म्हणाले, “हडपसरच्या पलीकडे सगळं आम्हाला सारखंच.” मी नाद सोडला.

पहिल्याच रविवारी बोपदेव होता. दुसऱ्या वळणावर सगळे दिसेनासे झाले आणि मी, माझा श्वास आणि मागून येणारा काकांच्या साखळीचा आवाज, एवढंच उरलं. चढावर ते बोलत नसत. त्या दिवशी फक्त एकदा बोलले. “खाली बघा, चाकापुढे. वर बघितलं की घाट वाढतो.” मी चाकापुढे बघत राहिलो. घाट तेवढाच होता, पण निदान वाढला नाही.

शेवटी येणाऱ्याचं दुखणं ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. पुढे गेलेले लोक माथ्यावर बसतात, चहा पितात, फोटो काढतात. शेवटच्या वळणावर आपण दिसलो की कुणीतरी म्हणतं, “आला, चला!” म्हणजे जो सगळ्यांत कमी दमला त्याला सगळ्यांत जास्त विश्रांती, आणि ज्याचा जीव घशाशी आलाय त्याच्या वाट्याला पाण्याचा एक घोट. त्या दिवशीही लोक उठायला लागले होते, तेवढ्यात काकांनी बूट काढले. सगळे पुन्हा बसले. मी दोन कप चहा प्यायलो. निघताना माणुसकी म्हणून विचारलं, “दमलात का हो काका?”

“फार,” ते म्हणाले.

पुढे सव्वा वर्ष मी त्यावर विश्वास ठेवला. म्हाताऱ्याला दम लागतो, त्याच्या निमित्तानं आपलंही साधतं, असं माझं चाललं होतं. मग एकदा बहिणीसाठी तांब्याचा हंडा घ्यायला कसबा पेठेत गेलो, तर एका इमारतीच्या जिन्यापाशी काका दिसले. एका खांद्यावर सायकल, दुसऱ्या हातात दळणाचा डबा. मला बघून “या” म्हणाले आणि तसेच तीन मजले चढून गेले. मी रिकाम्या हातानं मागून धापा टाकत पोचलो, तेव्हा ते दारात उभे राहून काकूंना चहा टाकायला सांगत होते. आवाजात जरासुद्धा धाप नव्हती.

चहा पिताना मी बुटांचा विषय काढला. काकांनी बशी खाली ठेवली. “तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो,” ते म्हणाले. “दोन मिनिटं उशीर झाला की कार्डावर लाल शिक्का. का उशीर झाला, हे एकालाही कधी विचारलं नाही. आता जो उशिरा येतो त्याच्याबरोबर थोडा वेळ बसतो, एवढंच.” मग जरा पुढे झुकून म्हणाले, “बाहेर बोलू नका. म्हातारा दमलाय म्हणून लोक थांबतात. नागपूरकरासाठी कोण थांबतंय?”

मी कुणाला बोललो नाही. ग्रुपात आमचा एक कॅप्टन होता, तिशीतला, हँडलवर वेग दाखवणारा छोटा स्क्रीन लावलेला. माणूस वाईट नव्हता. माझं पंक्चर त्यानं तीनदा काढून दिलंय. पण त्याचा जीव त्या स्क्रीनमधल्या आकड्यात अडकलेला असे. एकदा तो न राहवून म्हणाला, “काका, तुमच्या या ब्रेकनी ॲव्हरेजची पार वाट लागते हो.” काका बोटांमधली माती पुसत म्हणाले, “मग घरी ठेवून येत जा त्याला.”

असे रविवार गेले. माझं वजन सात किलोनं उतरलं, चढ जरा आवाक्यात आला. आणि त्याच सुमाराला काकांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला असणार. असणार म्हणतो, कारण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते मागेच असत. मागे असणाऱ्याचं मागे पडणं दिसतं कुणाला? मला मात्र दिसायला हवं होतं. त्यांच्या साखळीचा आवाज मला पाठ होता, आणि तो हल्ली लांबून यायचा.

गेल्या हिवाळ्यात सिंहगड ठरला. अर्धा गड चढून झाल्यावर एका तीव्र वळणावर काका म्हणाले, “नागपूरकर, तुम्ही व्हा पुढे.” असं ते कधीच कुणाला म्हणाले नव्हते. मी थांबायला हवं होतं. पण त्या दिवशी अंग हलकं होतं, पुढच्या वळणावर दोघा-तिघांच्या पाठी दिसत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला तरी गाठता येणार होतं. मी गेलो. चौथा पोचलो. कॅप्टननं पाठीवर थाप मारली. समोर गरम कांदाभजी आली, पहिल्या वाफेचा चहा आला, आणि सगळ्यांबरोबर बसून खाण्यात काय सुख असतं ते मला कळलं.

काका अर्ध्या तासानं आले. सायकल हातात धरून, चालत. आमच्या बशा रिकाम्या व्हायला आल्या होत्या. कॅप्टन हात पुसत उठला आणि म्हणाला, “आले काका. चला, ऊन चढतंय.” मी काकांच्या बुटांकडे बघितलं. ते उभेच होते. नाड्यांना त्यांनी हातही लावला नाही. बाटलीतलं पाणी प्यायले, सायकल वळवली आणि उताराकडे तोंड करून उभे राहिले. बाकीच्यांना काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या तोंडात भजी होती आणि मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर त्यांचा एका ओळीचा निरोप आला: ‘गुडघा संपावर आहे.’ त्याखाली हसण्याची पाच-सहा चित्रं पडली आणि विषय संपला.

महिन्याभरानं मी कसबा पेठेत गेलो. सायकल गॅलरीत दोन खुंट्यांवर टांगलेली होती, साखळीला ताजं तेल होतं. डॉक्टरांनी चढच काय, जिनासुद्धा बंद केला होता. तीन मजले आणि लिफ्ट नाही, त्यामुळे काका फक्त दवाखान्यापुरते खाली उतरत. खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते आणि आधीपेक्षा लहान दिसत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, “त्या दिवशी गडावर बूट का नाही काढलेत?”

“शेवटच्यानं स्वतः काढून चालत नाही हो,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी काढावे लागतात.”

आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. लगेच त्यांनी बोपदेवच्या टपरीवरचा चहा अजून तसाच पांचट आहे का, ते विचारलं. मी हो म्हणालो.

सध्या ग्रुपात हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या एक शिक्षिकाबाई यायला लागल्या आहेत. त्या शेवटच्या असतात आणि त्यांच्या मागे मी. यात माझा फार मोठेपणा नाही. ऑफिसात रात्रीचे कॉल सुरू झालेत, झोप पुरत नाही, वजनातले चार किलो परत आलेत. गेल्या रविवारी बोपदेवच्या माथ्यावर आम्ही दिसलो तसा कॅप्टन हेल्मेट चढवत म्हणाला, “आल्या मॅडम. चला.” मी सायकल कठड्याला टेकवली, खाली बसलो आणि नाड्या सोडायला लागलो.

कॅप्टननं माझ्या पायांकडे बघितलं. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे. त्याला काय कळलं ते मला सांगता येणार नाही. त्यानं हेल्मेट काढलं आणि टपरीवाल्याला अजून दोन चहा सांगितले.

बाई शेजारी येऊन टेकल्या. चेहरा लालबुंद, बोलायला श्वास नव्हता. अर्धा कप चहा पोटात गेल्यावर त्यांनी माणुसकी म्हणून विचारलं, “तुम्हीपण दमलात का हो?”

“फार,” मी म्हणालो आणि मोजे झटकून दगडावर वाळत घातले. काका हे खोटं सांगत असत. मी खरं सांगत होतो.