आबांच्या टोपीतली सुई

पाचोऱ्याजवळच्या त्या गावात मुलगी पसंत करायची तर चुडामण आबांच्या डोळ्यांनी. नवरदेवाला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. आबा टोपीच्या घडीतून सुई-दोरा काढायचे, मुलीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वव बरं." मुलीनं दोरा ओवला की आबा सुई उजेडात धरून निरखायचे आणि मग सोयरीक पक्की व्हायची. पन्नासेक संसार त्या एका सुईवर उभे होते. आबांना त्याचा भारी तोरा होता.

सत्तरच्या हिवाळ्यात भिकमचंद शेठनी पाचोऱ्याला मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. गावात आवई उठलेली, की डॉक्टर माणसाचा डोळा काढतात आणि बकरीचा बसवतात. ती खोडून काढायला शेठना वजनदार माणूस हवा होता. आबा चावडीवर उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. मोतीबिंदू म्हणजे काय, तो लपवणं कसं खुळेपणाचं, सगळं पटवून दिलं. अकरा पुरुषांची यादी झाली. आबांचं नाव तीत नव्हतं.

खरं तर आबांना समोरचे लोक वर्षभर धुक्यात बसल्यासारखे दिसत होते. पण डोळे गेले हे कळलं तर मुलगी बघायला कोण बोलावणार? मानाचं ताट गेलं, पहिला पाट गेला. कुणी विचारलंच तर ते ठसक्यात सांगायचे, "केळं आन मोतीबिंदू, तयार व्हवाशिवाय काढानं नही." आमच्या मुलखात केळ्याचं नाव घेतलं की पुढे कुणी वाद घालत नाही.

घरात मात्र त्यांचा आवाज चढलेला असायचा. बायको तानुबाईची भाकरी रोज करपायची, मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. आबा ताट सरकवून तिच्या डोळ्यांवरून ओरडायचे, "डोया फुटनात का तुना?" ती बिचारी दुसरी भाकरी थापायला घ्यायची.

शिबिराच्या चार दिवस आधी शेजारगावच्या निंबाच्या घरी त्याची मुलगी भिकु बघायची होती. मुलाकडची मंडळी आबांना घेऊन गेली. आबांनी टोपीतून सुई-दोरा काढून पुढे केला. सुई त्यांच्या बोटांतून निसटली, भिकुच्या हातात नुसता दोरा आला. वडीलधाऱ्याला कसं सांगावं म्हणून तिनं दोराच परत दिला. आबांनी तो उजेडात धरला, डोळे बारीक केले.

"वा! एका दमात ववी! नजर तेज शे पोरनी."

शेवटी निंबानं खाकरून सांगितलं, "आबा, सुई ते तुमना धोतरवर पडेल शे."

"सुई नही दिखनी," भिकु हळूच म्हणाली, "ते मी कशी दिखसू?"

मग जे हसू फुटलं, ते आबांच्या पाठोपाठ वेशीपर्यंत आलं. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी यादीत बारावं नाव चढलं.

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, दीडेक महिन्यानं बाटलीच्या बुडासारखा चष्मा आला. आबा तो लावून ऐटीत जेवायला बसले. तानुबाई भाकरी वाढायला वाकली. तिचा हात आधी ताटाची कड चाचपत आला. आबांनी मान वर केली. तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय धरली होती.

"कधीपाईन?" आबांनी विचारलं.

"तीन वरीस व्हयनात."

"मंग सांगं का बरं नही?"

"चावडीवर तुमी यादी करी. तठे बाया कोठे व्हत्यात?"

पन्नास पोरींची नजर पारखणाऱ्या माणसानं घरच्या बाईच्या डोळ्यांत तीन वर्षं पाहिलं नव्हतं. आबांना स्वतःची लाज वाटली. शिबिर तर कधीच उठलं होतं. आता पुढच्या हिवाळ्याशिवाय डॉक्टर येणार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढे आबा बसले. धुरानं चष्मा काळवंडला, तो धोतरानं पुसेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली. भिंतीला टेकलेल्या तानुबाईला वास आला.

"डोया फुटनात का तुमना?" ती म्हणाली.

आबांनी मुकाट्यानं भाकरी उलटली.