भाऊजींच्या होडीचा दोर

भाऊजींची होडी माझ्यामुळे विकली गेली. हे मी कितीतरी वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही नागपूरकडचे शेतकरी. ताईला मात्र दिली थेट कोकणात. भाऊजी तिथे खाडीकाठच्या शाळेत मास्तर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक जुनी होडी घेतली, तिला इंजिन बसवलं, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं. सुटी लागली की खाडीतून वर वर जायचं, एखाद्या लहान गावासमोर नांगर टाकायचा, बाजार करायचा, होडीतच स्टोव्हवर जेवण रांधायचं आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचं. ताईला पाण्याची धास्ती. तिनं एकच अट घातली होती : होडीनं एकदा जरी दगा दिला, तर ती विकायची. भाऊजींनी देवासमोर कबूल केलं होतं. त्यामुळे ते नांगर टाकताना पूजेला बसल्यासारखे गंभीर असत.

त्या दिवाळीत मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. भाऊजींचा उत्साह पाहून मी म्हणालो, "मलाही नावेची सवय आहे. अंबाझरी तलावात खूप वल्हवली आहे." वल्ही खरं तर मित्राच्या हातात असायची, माझ्या हातात फुटाण्यांचा पुडा. पण भाऊजी एवढे हरखले, की त्यांनी नांगराचं काम मला देऊन टाकलं.

दुपारी एका गावासमोर थांबलो. "दोर भरपूर सोड हं," भाऊजी म्हणाले. "भरती येणार आहे. पाणी चढलं की दोर पुरला पाहिजे."

मी भरपूर सोडला. पण मग होडी त्या सैल दोरावर इकडेतिकडे फिरायला लागली. आमच्याकडे बैलाचं दावं लांब सोडलं, तर तो शेजाऱ्याच्या तुरीत तोंड घालतो. दावं कसं आखूड हवं. शिवाय तलावातलं पाणी काही दुपारच्या दुपारी चढत नाही. भाऊजी हात धुवायला वळले तेवढ्यात मी दोर ओढून घेतला आणि छान ताठ बांधला. नीटनेटकं दिसायला लागलं.

ताईनं पाटवडीचा रस्सा केला होता. घाम पुसत सगळे जेवलो आणि जागच्या जागी आडवे झालो.

मला जाग आली तेव्हा काठावरची माडांची झाडं चालत होती. जरा वेळानं कळलं, की चालतो आहोत आम्ही. पाणी चढलं होतं, आखूड दोरानं नांगर तळापासून उचलला गेला होता आणि भरती आम्हाला वरच्या गावाकडे घेऊन निघाली होती. बाकी सगळे घोरत होते. मी रांगत गेलो आणि गाठ सोडून दोर पुन्हा पहिल्यासारखा लांब सोडून बांधला. नांगर पुन्हा रुतला, होडीला हिसका बसला, ती गर्रकन वळली आणि अलगद एका धक्क्याला जाऊन टेकली.

तो तरीचा, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीचा, धक्का होता. पलीकडे जाणारी माणसं तिथं कधीची ताटकळत होती. आमच्या होडीलाच तर समजून ती भराभर चढली.

"सरकान बस गो बाये!" म्हणत एका म्हातारीनं झोपलेल्या ताईला ढोसलं आणि आपली कोंबडी तिच्याकडे दिली.

ताई उठून बसली. "अहो," ती भाऊजींना म्हणाली, "माह्या मांडीवर कोंबडी हाये."

भाऊजी दचकून उठले, धावत दोरापाशी गेले. दोर सांगितल्याप्रमाणे लांबलचक होता. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे नांगर मीच चुकीच्या जागी टाकायला सांगितला," ते म्हणाले.

"अट आठवते ना?" ताईनं विचारलं.

मी तोंड उघडलं. "चहा ठेवू का?" एवढंच त्यातून बाहेर पडलं.

माणसं बसलीच होती, म्हणून भाऊजींनी त्यांना पलीकडे सोडलं. म्हातारीनं बिडी पेटवून "तुझी तर बरी आसा" अशी पावतीही दिली. महिन्याभरात होडी विकली गेली. पुढे सुटीचा वेळ घालवायला भाऊजींनी परसात अळू लावलं. अळूबद्दल ते कधी एक शब्दही बोलले नाहीत.

काही वर्षांनी भाऊजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि थोडं फिरायला सांगितलं. संध्याकाळी मी त्यांना नि ताईला फुटाळा तलावावर नेलं. ताई बाकावर भुट्टा खात बसली. काठाला एक नाव खुंट्याला बांधलेली होती. भाऊजी चष्मा सावरत तिच्याकडे बघत राहिले.

"किती आखूड बांधतात रे तुमच्याकडे," ते म्हणाले. मग हळूच माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यामागचे डोळे मला दिसत नव्हते, तेच बरं होतं.

मी सगळं सांगून टाकलं. दोर आखडल्याचं, आणि ते जागे व्हायच्या आत सोडल्याचंही. "भाऊजी, माफ करा," मी म्हणालो.

ते माझा दंड धरून मला बाकाकडे ढकलत म्हणाले, "मला काय सांगतोस? अट कुणाची होती? तिला सांग. आत्ता सांग."

ताईनं भुट्ट्यावरून मान वर केली. "काहून गा, असा काहून उभा हायेस?"

मागे भाऊजी परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे उभे होते.

"ताई," मी म्हणालो, "त्या दिवशी भाऊजींचं काहीच चुकलं नव्हतं. दोर म्या आखडला होता. माफ कर वं मले."