घासाघीस न केलेला भाव

जुने कॅल्क्युलेटर विकत घेऊन जमवणाऱ्या माणसाला भिवंडीत वेडा म्हणतात, आणि ते मला चालतं. राहनाळच्या गोदामांतून ऑफिसांचं जुनं सामान निघतं, ते भंगारवाल्याकडे येतं. तो 'तीनसौ' म्हणतो, मी 'सौ' म्हणतो. तो कपाळाला हात लावतो, मी चालायला लागतो, आणि दीडशेला कॅल्क्युलेटर माझ्या पिशवीत येतो. भाव दीडशेच आहे हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. पण एवढं नाटक झालं की दोघंही खुशीत घरी जातात.

मित्राकडे मी हे नाटक केलं नाही. आम्ही एकाच शाळेच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केली, निवृत्तही पाठोपाठ झालो. त्याचे सासरे एका परदेशी बोटकंपनीत हिशेबनीस होते. ते वारल्यावर त्यांचं टेबलावरचं यंत्र मित्राच्या घरी आलं. टाइपरायटरएवढं धूड, मळकट पांढरी बटणं, आणि आकडे काचेच्या नळ्यांत नारिंगी पेटणारे. असं यंत्र मी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्याने ते चालू केलं तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला, आणि मी तो लपवलाही नाही.

"बोल, किती देशील?" त्याने विचारलं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या.

मी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. एक नळी मंद होती, मागे तडा होता. अशी यंत्रं खरोखर कितीला विकली जातात हे मला माहीत होतं. म्हणालो, "नऊ हजार. याहून जास्त कोणी देणार नाही, आणि तुला कमी देणं मला बरं वाटणार नाही. आणि विकलं नाहीस तरी एक लक्षात ठेव. हे एकशेदहा व्होल्टचं आहे, आपल्याकडे दोनशेतीस येतो. सोबतचं हे व्होल्टेज उतरवणारं काळं खोकं मध्ये जोडल्याशिवाय प्लगला लावू नकोस."

त्याने वहिनींकडे पाहिलं. "पहिल्याच बोलीला नऊ म्हणतोस," तो हसत म्हणाला, "म्हणजे असणार किती?"

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक परदेशी जाहिरात दाखवली. दीड लाख. मी म्हटलं, अरे, हा मागितलेला भाव आहे, मागायला काय जातं? प्रत्यक्ष विकली गेलेली बघ. ती शोधून त्याच्यापुढे धरली. तो मोबाइलकडे बघतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

आठवडाभरात तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. एकाने तर तोंडावर विचारलं, "काय हो, मित्रालाच टोपी घालत होतात म्हणे?" आधी मला संताप आला. मग लाज वाटायला लागली, जणू मी खरंच काही चोरलं होतं. मी तलावावर जाणं सोडलं. मी चार हजार म्हटलं असतं, त्याने मला ओढत ओढत सातपर्यंत नेलं असतं, तर यंत्र माझं झालं असतं आणि मित्रही राहिला असता. त्याचे दोन हजार बुडाले असते आणि त्याने सगळ्यांना पेढे वाटले असते. हा विचार अजूनही माझ्या डोक्यात जातो.

यंत्र त्याच्या हॉलमध्ये शोकेसवर बसलं. येईल त्याला तो ते चालू करून दाखवायचा आणि दीड लाख सांगायचा. दिवाळीत शेलारहून त्याचे साडू आले. काळं खोकं आवराआवरीत कुठेतरी गेलं होतं, सापडेना. साडू खोळंबले होते, म्हणून याने वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घातली.

मग कितीतरी महिन्यांनी त्याचा फोन आला. "येऊन बघ जरा." आवाज पडलेला होता. मला वाटलं, आता तो 'माझं चुकलं' म्हणेल, आणि मी "जाऊ दे रे" म्हणायची तयारी करूनच जिना चढलो. त्याने फक्त यंत्र माझ्यापुढे सरकवलं. मी यंत्र उघडलं. जळका वास अजून आत कोंडलेला होता. ट्रान्सफॉर्मर गेला होता, सर्किटच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. नळ्या तेवढ्या शाबूत होत्या. मला रडू यायचं बाकी होतं.

"आता किती?" त्याने विचारलं.

पाच म्हटलं असतं तर कदाचित सगळं मिटलं असतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण खोटा भाव माझ्या तोंडून निघेना. "नळ्यांचे दोन हजार," मी म्हणालो. "बाकी भंगार."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो वहिनींकडे वळला.

"बघ, मी बोललो होतो ना? हा याचीच वाट बघत होता."

वहिनींनी मान डोलावली.