हिरव्या नायलॉनची रायफल

ऑरिन टेस्के गेल्या महिन्यात गेला. मी त्याला ओळखत होतो असं म्हणायला धीर होत नाही. बत्तीस वर्षं आमच्यामध्ये एक कुंपण होतं, आणि मला ठाऊक असलेलं सगळं एका रायफलीभोवतीचं आहे. त्यातलंही निम्मं त्याच्या बायकोने, लव्हॉनने सांगितलेलं.

कागदाच्या गिरणीत लागला तेव्हा पहिल्या पगारात त्याने खारी-सशांसाठीची हलकी रायफल घेतली. तिचा दस्ता हिरव्या नायलॉनचा. शिकारीला जाणाऱ्या मित्रांच्या झोपडीत बाकी सगळे अक्रोडाच्या लाकडी दस्त्याचे भक्त. शेगडीपासून लांब ठेव, वितळेल, असं कोणी म्हणे. कोणी प्लास्टिकचा कंगवा म्हणून केस विंचरायला मागे. ती चिखलात पडली, तळ्यात पडली, वल्हं मोडलं तेव्हा होडीही तिनेच वल्हवली. एकदाही अडकली नाही. चेष्टा मात्र थांबली नाही. तिसऱ्या वर्षी ऑरिनने ती देऊन लाकडी दस्त्याची घेतली. तो दस्ता पहिल्याच पावसात फुगला. हे त्याने झोपडीत कोणाला सांगितलं नाही.

पुढे ती बनायची बंद झाली, आणि चाळीस वर्षांनी तीच मंडळी बंदुकांच्या जत्रांतून हिरवं नायलॉन शोधत हिंडू लागली. ऑरिनला तशीच एक रायफल एका विधवेच्या घरसामानाच्या विक्रीत मिळाली. नावाला सेकंडहँड, पण मूळ खोक्यात आणि एकही गोळी न उडवलेली. झोपडीतले म्हातारे बघायला यायचे. ऑरिन सुती हातमोजे चढवून झाकण उघडायचा, ते टोप्या काढून उभे राहायचे, मग झाकण बंद. आपलंच खरं होतं, हे त्याला तोंडाने कधी म्हणावं लागलं नाही.

"चालवून तरी बघ," लव्हॉन म्हणायची.

"एक गोळी उडवली की जुनी झाली ती."

"साठीला आली, ऑरिन. अजून किती जुनी व्हायची?"

इकडे खारी पक्ष्यांचे दाणे फस्त करायच्या. ऑरिन खिडकीवर टकटक करायचा. खारींसाठी जन्मलेली रायफल माळ्यावर झोपलेली असायची.

यंदा ऑक्टोबरात खारी माळ्यावरच शिरल्या. रायफलीला त्यांनी दात लावला नाही, तेवढी अक्कल त्यांना होती. घरट्यासाठी खोकं कुरतडलं, झाकण आणि लेबलासकट. जाणकारांच्या मते अर्धी किंमत खोक्याची असते. ऑरिन दुपारभर मांडीवर पुठ्ठ्याचा चुरा घेऊन पायरीवर बसला होता. मी कुंपणापाशी दोनदा गेलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं फट-फट ऐकू आलं. सरपणाच्या ढिगासमोर त्याने सुपाचे रिकामे डबे मांडले होते. हातमोजे नव्हते. तेरा गोळ्या, नऊ डबे, आणि एकदाही अडकली नाही. दाण्यांच्या पेटीवर बसून एक खार खात होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, तो झोपेतच गेला. मध्ये आमची गाठ पडली नाही. डबे उडवले त्या दिवशी कुंपणावरून त्याने रायफल माझ्यापुढे धरली होती.

"हार्लन, शेवटची गोळी तुझी. ये."

"शेगडीवर सूप आहे रे. नंतर बघू."

"मग येताना काडतुसं आण. ही मी उडवतो."

"बरं," मी म्हणालो.